वर्गणीतला उरलेला रुपया

अकराव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत
सगुणा दिवटे कंबरभर पाण्यात उभी आहे.
हातात कंदील. समोर भुयाराला दोन फाटे.
डावीकडून पाण्याचा आवाज,
उजवीकडून तिच्या भावाचा.
खाली कोपऱ्यात, तिरक्या अक्षरांत :
पुढील अंकी.

पुढील अंक आला नाही.
आली एक रुपयाची मनीऑर्डर.
वर्गणी बारा रुपये, अंक निघाले अकरा.
प्रकाशक बुधवार पेठेतले, हिशेब चोख.
कुपनावर निळा शिक्का :
कागदाच्या भाववाढीमुळे चित्रमासिक बंद करीत आहोत.
लोभ असावा.
पोस्टमन ढमढेरे म्हणाले, कर सही.
मी नऊ वर्षांचा. मला वाटलं,
सही केली की ती बुडणार.
शेवटी आईनं केली,
आणि त्या रुपयाची मेथी आणली.
मी ती भाजी खाल्ली नाही.
म्हणजे खाल्ली, पण रात्री उशिरा,
कोणी बघत नसताना.

कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत
जमिनीखालून जुना नळ गेलाय,
आणि त्याला श्वास घ्यायला जागोजागी दगडी उच्छ्वास.
सगुणा त्यातूनच वर यायची,
पाणीचोर तात्या घोणसेला लोळवायची,
आणि केस पिळून पुन्हा खाली.
आमच्या गल्लीतल्या उच्छ्वासाला
अकरा महिने आम्ही सगळे कान लावायचो.
नंतर मी एकटाच.
एकदा फटीतून चिठ्ठी टाकली :
डावीकडे जा.
झोप लागेना. दुसऱ्या दिवशी दुसरी :
उजवीकडे. कालची चिठ्ठी रद्द समजावी.

पुढे मी महापालिकेत चावीवाला झालो.
मामाच्या ओळखीनं, सगुणाचा काही संबंध नाही.
पहाटे चारला लोखंडी चावी खांद्यावर,
झाकण उचलायचं, आटे मोजत फिरवायचं,
मग खाली घरघर सुरू होते आणि पेठ जागी होते.
झाकण लावण्याआधी मी जरा वेळ
ओणवा उभा राहतो.
बरोबरचा लिंबराज म्हणतो,
पाठ गेली तुझी, डॉक्टरला दाखव.

परवा धनकवडीतून तक्रार आली,
तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही.
दारावर पाटी : द. वा. हेंद्रे.
ह-ची शेपटी माशासारखी वळलेली.
ती शेपटी मी अकरा अंक
प्रत्येक पानाच्या तळाशी पाहिली होती.

पाना खाली ठेवला. विचारलं,
ती कुठे गेली?
कोण?
सगुणा.
म्हातारा माझ्याकडे बघत राहिला.
आतून बायको : अहो, पाण्याचं विचारा त्यांना!

मग म्हणाला, ठरलंच नव्हतं.
फाट्यावर आणून उभी केली,
वाटलं, महिना आहे हातात,
सुचेल.

माळ्यावरून फाईल उतरवली.
बाराव्याची तीन पानं.
पहिल्या चौकटीत तीच, तसाच कंदील,
पण शाईचं काम राहून गेलेलं,
त्यामुळे दोन्ही भुयारं पांढरी शुभ्र.
काळं भरायचं होतं, तो म्हणाला,
पाहुण्यासमोर मीठ कमी पडावं तसा.
दुसऱ्या पानावर नुसते पाय.
तिसऱ्यावर सहा चौकटी आखलेल्या.
आत काही नाही. मी नीट पाहिलं.

हे एक पान मला द्याल? पैसे देतो.
त्यानं द्यायला हात पुढे केलाही,
तेवढ्यात बायको पदराला हात पुसत बाहेर आली,
पान उलटं करून माझ्यासमोर धरलं :
गाय अर्धा, म्हैस एक, रविवारी खाडा.
हे नका नेऊ, म्हणाली,
गवळ्याकडून आठ रुपये यायचेत अजून.